मधल्या जागेतला प्रश्न
कार्यकारण-निबंधाचे आराखडे एकमेकांनी वाचावेत यासाठी केलेल्या पुस्तिकेची प्रस्तावना

ही पुस्तिका एका लहानशा कामाविषयी आहे. 'अमुक का घडले' किंवा 'अमुक घडल्यामुळे पुढे काय झाले' अशा विषयावर निबंध लिहायचा असतो. लिहिण्याआधी विद्यार्थी अर्ध्या-एक पानाचा आराखडा करतो आणि तो शेजारच्या बाकावरच्या मुलाला किंवा मुलीला वाचायला देतो. वाचणारा प्रश्न विचारतो, आराखडा दुरुस्त होतो आणि मग निबंधाला सुरुवात होते. सगळ्याला मिळून दोन तासिका पुरतात. एवढ्याशा कामासाठी वेगळी पुस्तिका कशाला, असे कुणीही विचारील. उत्तर असे की, यातल्या तिन्ही गोष्टी आपल्या वर्गांत नावापुरत्याच आहेत. आराखडा आपला आपण करायचा असतो, याची मुलांना सवय नाही. कार्यकारणाचा निबंध हा निराळा प्रकार आहे, असे त्यांना कुणी मुद्दाम सांगितलेले नसते. आणि वर्गमित्राची वही हातात आली की ती तपासायचीच असते, अशी सगळ्यांची पक्की समजूत असते.

आधी आराखडा घेऊ. 'दिलेल्या मुद्द्यांवरून कथा लिहा' हा प्रश्न शालेय मराठीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. मुद्दे प्रश्नपत्रिका काढणारा देतो. मुलाने मधल्या जागा भरून गोष्ट पुरी करायची. पुष्कळदा निबंधाच्या विषयाखालीही मुद्दे छापलेले असतात. म्हणजे आराखडा मुलाला वर्षानुवर्षे भेटतो, पण नेहमी दुसऱ्याने केलेला आणि बदलायची मुभा नसलेला. अकरावीत आल्यावर 'तुझा तू आराखडा कर' म्हटले की मुले 'प्रस्तावना, फायदे, तोटे, उपसंहार' एवढे लिहून मोकळी होतात. विषय मोबाइल असो, धरण असो की एकत्र कुटुंब, हे चार शब्द बदलत नाहीत.

कार्यकारणाचे निबंध मात्र मुले नकळत लिहीत आलेली असतात. 'पाऊस पडलाच नाही तर', 'परीक्षा नसत्या तर', 'सूर्य उगवला नाही तर' या निबंधांना आपण कल्पनाप्रधान म्हणतो. खरे पाहता ते परिणामांचे निबंध आहेत. अडचण एवढीच की त्यांत परिणाम एकाखाली एक येतात, एकातून एक येत नाहीत. पाऊस पडला नाही की नद्या आटतात, झाडे सुकतात, पाखरे तडफडतात, माणसे हवालदिल होतात. या चार वाक्यांची कशीही अदलाबदल केली तरी निबंधाचे काही बिघडत नाही. ज्याच्या घरी दावणीला जनावरे आहेत त्या मुलाला विचारा, तो क्रम सांगतो. आधी कडबा महागतो. मग जनावरे बाजाराला निघतात. सगळ्या गावांची एकदमच निघतात म्हणून त्यांचा भाव कोसळतो. पुढच्या वर्षी पाऊस वेळेवर येतो तेव्हा पेरणीला बैल नसतात आणि ट्रॅक्टरच्या भाड्यासाठी उसनवारी करावी लागते. पाऊस न पडल्याचा एक मोठा परिणाम असा पाऊस पडल्यावर भोगावा लागतो. यातली एकही पायरी मागेपुढे करता येत नाही. कार्यकारणाचा निबंध इथे सुरू होतो.

अशा निबंधाच्या आराखड्याचे ढोबळमानाने चार साचे पडतात. एका घटनेची अनेक कारणे, हा पहिला. एका कारणाचे अनेक परिणाम, हा दुसरा. १९७२ च्या दुष्काळातून काय काय निघाले, हा विषय घेतला तर रोजगार हमी योजनेचा विस्तार, तिचा १९७७ चा कायदा, पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्याला मिळालेला नमुना आणि दुसऱ्या बाजूला जमिनीत खोल खोल जाणाऱ्या विंधनविहिरी, अशा फांद्या फुटतात. अशा आराखड्यावर पहिला प्रश्न कोणता यावा? 'दुष्काळ नसता तर योजना आलीच नसती का?' हाच. वि. स. पागे यांनी ती कल्पना दुष्काळाआधीच मांडली होती. दुष्काळाने ती निकडीची केली. कारण आणि निकड यांत फरक करायला लावणारा हा प्रश्न आराखडा करणाऱ्याला सहसा सुचत नाही, कारण त्याच्या मनात बाण आधीच काढून झालेला असतो.

तिसरा साचा साखळीचा आणि चौथा चक्राचा. चक्राचे उदाहरण खेड्यातल्या कोणत्याही लहान शाळेत सापडेल. पट घटला, संचमान्यतेत शिक्षकाचे पद गेले, उरलेल्या गुरुजींकडे दोन-तीन इयत्ता आल्या, पालकांनी मुलांना तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवले, पट आणखी घटला. असा आराखडा वाचणाऱ्याने दोन गोष्टी विचाराव्यात: हे फिरायला लागले कुठून, आणि थांबवायचे तर कोणत्या सांध्यावर हात घालायचा? पहिल्या प्रश्नाने कारण शोधले जाते, दुसऱ्याने निबंधाला शेवट मिळतो.

साखळीचा मराठीतला सर्वांत प्रसिद्ध नमुना जोतीराव फुल्यांचा. 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) या पुस्तकाच्या आरंभीच त्यांनी विद्या, मती, नीती, गती आणि वित्त अशा पायऱ्यांनी शूद्रांची अवनती दाखवली आणि सगळ्याच्या मुळाशी विद्येचा अभाव ठेवला. हे शब्द शाळेच्या भिंतींवर रंगवलेले असल्यामुळे मुलांना पाठ असतात आणि पाठ असल्यामुळेच त्यांवर कुणी प्रश्न विचारत नाही. या पुस्तिकेतला पहिला सराव याच साखळीवर आहे. हा एखाद्या वर्गमित्राचा आराखडा आहे असे समजा आणि प्रत्येक दोन पायऱ्यांच्या मध्ये 'कसे?' असे लिहा. विद्या नसल्याने वित्त कसे जाते, याची उत्तरे फुल्यांच्याच पुस्तकात पुढे पसरलेली आहेत: धर्माच्या नावाने अडाणी शेतकऱ्याकडून काय काय उकळले जाते, कचेऱ्यांत त्याला कसे नाडले जाते, कर्जाच्या कागदांत तो कसा अडकतो. थोड्या ओळींचा आराखडा आणि त्याच्यामागे अख्खे पुस्तक, असे ते नाते आहे. चांगला आराखडा प्रश्न सोसतो, हे मुलांना थोरामोठ्यांच्या लेखनावर आधी दिसले की स्वतःच्या लेखनावरचे प्रश्न त्यांना झोंबत नाहीत.

'कारण' कशाला म्हणायचे, याचा कीस आपल्याकडे फार पूर्वी पाडला गेला आहे. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'पासून न्यायशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाला कुंभार आणि घट यांचे उदाहरण भेटते. जे कार्याच्या आधी नियमाने असते आणि ज्याच्यावाचून कार्य होत नाही, ते कारण. नैयायिक एवढ्यावर थांबले नाहीत. कारणासारखे दिसणारे पण कारण नसणारे काय काय असते, त्याची त्यांनी यादी केली. त्या यादीत माती वाहून आणणारे गाढव आहे. मडके होण्याआधी ते तिथे होते खरे. पण माती डोक्यावरून आणली असती तरी मडके झालेच असते. त्याच यादीत कुंभाराचा बापही आहे. तो कुंभाराचे कारण आहे, मडक्याचे नव्हे.

वर्गात ही दोन पात्रे फार उपयोगी पडतात. कोणत्याही ऐतिहासिक घटनेच्या आराखड्यात 'इंग्रज भारतात आले' हा मुद्दा पहिल्या क्रमांकावर असतो. तो बहुधा कुंभाराचा बाप असतो. 'वाचनसंस्कृती का घटली' या विषयावर प्रत्येक आराखड्यात मोबाइल येतो. तो गाढव की माती, हे वाद घालून ठरवावे लागते, आणि तो वाद म्हणजेच निबंधाचा गाभा. 'कावळा बसायला आणि फांदी मोडायला' ही म्हण तर घरोघर आहे. मुलांना कार्यकारणाची बाराखडी परक्या पुस्तकातून शिकवावी लागत नाही. ती बोलण्यात आहेच, कागदावर आणायची आहे.

आता एक आराखडा जरा जवळून पाहू. विषय आहे १८७५ चे दख्खनचे दंगे. बारावीच्या इतिहासातून बऱ्याच मुलांना तो माहीत असतो. पुस्तिकेत दिलेला नमुना असा:

१. सावकारांचे जाचक व्याज
२. शेतसाऱ्यात वाढ
३. अमेरिकेतील यादवी युद्ध
४. शेतकऱ्यांचे अज्ञान
५. परिणाम: पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा, सावकारांच्या वह्या जाळल्या, १८७९ चा शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा

परीक्षेत याला चांगले गुण पडतील. यात चुकीचे काही नाही. पण पाचही मुद्दे आपापल्या जागी स्वस्थ बसून आहेत, एकाचा दुसऱ्याला धक्का लागत नाही. वर्गमैत्रिणीने समासात लिहिलेले प्रश्न असे:

'युद्ध अमेरिकेत झालं. मग सुप्याच्या शेतकऱ्याने वही का जाळली? मधलं काहीच नाही.'

'सावकार आधीपण होते ना? मग १८७५ मध्येच का?'

'धान्य लुटलं असतं तर समजलं असतं. वह्याच का?'

पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधताना लिहिणाऱ्याला कापूस सापडतो. १८६१ मध्ये अमेरिकेत युद्ध पेटले आणि तिथून ब्रिटनच्या गिरण्यांना जाणारा कापूस आटला. गिरणीवाल्यांनी हिंदुस्थानकडे मोर्चा वळवला, भाव चढले, आणि भाव चढल्यामुळे सावकारांनी दख्खनच्या कुणब्यांना हात सैल सोडून कर्जे दिली. १८६५ मध्ये युद्ध संपले. अमेरिकेचा कापूस परत आला, इथली मागणी उतरली, सावकाराने नवे कर्ज थांबवून जुने मागायला सुरुवात केली. याच सुमारास शेतसाऱ्याची तीस वर्षांची मुदत संपून नवी आकारणी आली आणि सारा कुठे निम्म्याने, तर कुठे दुपटीपर्यंत वाढला. सारा भरायला पैसा हवा आणि पैसा देणारा हात तर आखडलेला. म्हणजे मूळ आराखड्यातले एक, दोन आणि तीन हे मुद्दे शेजारी शेजारी उभे नव्हतेच. युद्धातून उधारी सैल झाली, युद्ध संपल्यावर ती आवळली, आणि आवळलेल्या उधारीवर वाढीव सारा येऊन पडला. दुसऱ्या प्रश्नाचे, 'तेव्हाच का?' याचेही उत्तर त्यातच आले. सावकार नेहमीचा होता. उधारीचा हा चढउतार नेहमीचा नव्हता.

तिसरा प्रश्न सर्वांत चांगला, कारण तो परिणामाकडे बोट दाखवून कारणाची चौकशी करतो. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या पेठेत जमलेल्या शेतकऱ्यांनी वाण्या-सावकारांकडे त्यांच्या चोपड्या आणि कर्जरोखे मागितले आणि हाती लागले ते जाळले. धान्याची दुकानेही लुटली गेली, काही ठिकाणी घरांना आगी लागल्या, पण रोख होता तो कागदांवर. तो का, हे शोधत गेले की आपण १८५९ च्या मुदतीच्या कायद्यापाशी पोचतो. कर्जरोखा तीन वर्षेच ग्राह्य धरावा, म्हणजे व्याज साचत जाणार नाही, असा त्या कायद्याचा हेतू होता. सावकारांनी दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घ्यायला सुरुवात केली. थकलेले व्याज मुद्दलात जमा आणि त्यावर पुन्हा व्याज. कायदा केला कर्जदाराला वाचवायला आणि त्याच्या गळ्याभोवतीचा फास दर तीन वर्षांनी नव्याने आवळला गेला. सही किंवा अंगठा करणाऱ्याला कागदात काय आहे ते वाचता येत नव्हते, म्हणून चौथा मुद्दा, अज्ञानाचा, इथे येऊन बसतो. एरवी तो आराखड्यात नुसताच लोंबकळत होता.

या आराखड्यावर अजून एक प्रश्न येऊ शकतो, आणि वर्गात तो बहुधा उशिरा येतो. दंग्यांनंतर सरकारने चौकशी आयोग नेमला. त्याचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवला गेला. साऱ्याची मागणी हे शेतकऱ्यांच्या संतापाचे कारण होते का, याचा निवाडा आयोगाला करायचा होता. त्याने पुराव्यांचा ढीग रचला आणि निष्कर्ष दिला की सरकारची मागणी कारण नव्हती, दोष सावकारांचा. कारणांची यादी कोण करतो आणि कोणते कारण वगळले गेल्याने कोणाची सोय होते, हे विचारायला सतरा-अठरा वर्षांचे मूल शिकले, तर निबंधाच्या गुणांपेक्षा फार मोठी कमाई झाली. आणि हा प्रश्न शिक्षकाने फळ्यावर लिहून देण्यात मजा नाही. 'तुझ्या आराखड्यात सरकार दुसऱ्या नंबरवर आणि सावकार पहिल्या नंबरवर का?' असे मैत्रिणीने विचारल्यावर तो जन्माला यावा लागतो.

हे सगळे निबंध लिहून झाल्यावर का करू नये? कारण तेव्हा उशीर झालेला असतो. आराखडा ही कच्ची शिलाई आहे. चुकीच्या जागी पडली तर एका झटक्यात उसवता येते आणि कापड फाटत नाही. सुवाच्य अक्षरात चार पाने लिहून झाली की लिहिणारा त्यांवर जीव लावतो. वाचणाऱ्यालाही ते कळते, म्हणून तो मूळ मुद्द्याला हात न लावता ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करत बसतो. अर्ध्या पानाच्या आराखड्यात दुरुस्त करायला वेलांट्याच थोड्या असतात. नजर आपोआप मुद्द्यांवर आणि त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेवर जाते.

आणि हे काम शिक्षकानेच का करू नये? पहिले कारण उघड आहे. सत्तर-ऐंशी मुलांच्या वर्गात प्रत्येकाच्या आराखड्यावर तीन नेमके प्रश्न लिहिणे एकट्या माणसाला जमणारे नाही. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. शिक्षकाला विषय माहीत असतो. 'अमेरिकेतील यादवी युद्ध' एवढे वाचले की मधला कापूस तो मनातल्या मनात भरून घेतो आणि पुढे जातो. वर्गमित्राला कापूस माहीत नसतो, म्हणून तो अडतो. त्याचे ते अडणे हीच लिहिणाऱ्याला मिळणारी सर्वांत खरी खबर असते.

तिसरे कारण वाचणाऱ्याच्या बाजूचे. लुंडस्ट्रॉम आणि बेकर या दोन संशोधकांनी २००९ मध्ये अमेरिकेत इंग्रजी शिकणाऱ्या परभाषक विद्यार्थ्यांच्या वर्गांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही गटांना फक्त इतरांच्या लेखनावर अभिप्राय देण्याचे काम होते, काहींना फक्त अभिप्राय घेऊन सुधारणा करण्याचे. स्वतःच्या लेखनात जास्त प्रगती अभिप्राय देणाऱ्यांची दिसली. आपल्या अनुभवालाही हे पटते. दुसऱ्याच्या आराखड्यातली उडी लगेच दिसते, आपली दिसत नाही. दुसऱ्याची वारंवार दिसली की एक दिवस आपलीही दिसायला लागते.

वाचायचे कसे, याचे नियम पुस्तिकेत सविस्तर दिले आहेत. त्यांतले तीन इथे सांगतो, कारण बाकीचे त्यांतून निघतात. पहिला: प्रश्न विचारण्याआधी वाचणाऱ्याने आराखड्याचे म्हणणे स्वतःच्या शब्दांत एका वाक्यात सांगायचे आणि लिहिणाऱ्याने 'हो, हेच' म्हटल्यावरच पुढे जायचे. शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष आधी नीट मांडण्याची जी शिस्त आहे, तीच ही. दुसरा: नुसते 'छान आहे' किंवा नुसते 'कळलं नाही' चालणार नाही, कोणत्या दोन मुद्द्यांच्या मध्ये अडलो, तिथे खूण करायची. तिसरा: लाल पेन वर्ज्य. लाल पेन हातात आले की मूल मास्तर होते, आणि मास्तर झालेले मूल खऱ्या मास्तरांपेक्षा कडक असते.

अमेरिकेतले लेखन-शिक्षक पीटर एल्बो यांनी १९७३ च्या 'रायटिंग विदाउट टीचर्स' या पुस्तकात शिक्षकाविना चालणाऱ्या लेखनगटाची कल्पना मांडली. वाचणाऱ्याने निकाल देऊ नये, वाचताना आपल्या मनात काय काय झाले ते सांगावे, हा तिचा कणा. लेखनाकडे संशयाने पाहण्याइतकेच त्यावर क्षणभर विश्वास ठेवून पाहणेही जमले पाहिजे, असे ते म्हणत. गौतमाच्या न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार केले आहेत: सत्य कळावे म्हणून करायचा तो वाद, जिंकण्यासाठी केलेला जल्प, आणि स्वतः काही न मांडता समोरच्याचे नुसते खोडत जाणे ही वितंडा. वर्गात आराखडे पहिल्यांदा फिरतात तेव्हा निम्मी मुले गप्प बसतात आणि उरलेली वितंडेला लागतात. वादापर्यंत पोचायला काही आठवडे जातात. ते जाऊ द्यावेत.

आपल्या वर्गांतल्या काही अडचणी मात्र एल्बोंच्या पुस्तकात सापडणार नाहीत. 'हुशार' म्हणून ठरून गेलेल्या मुलाच्या आराखड्यावर मागच्या बाकावरचा मुलगा प्रश्न विचारत नाही. मुलीने मुलाला विचारलेला प्रश्न टोमणा ठरतो. आडनाव पाहून कुणाचे म्हणणे किती मनावर घ्यायचे ते ठरते. हे अप्रिय आहे, पण खरे आहे. खेड्यातून आलेल्या मुलांना आपल्या बोलीची लाज वाटते, म्हणून ती लिहूनही काही विचारत नाहीत. आराखड्याच्या टप्प्यावर यातली शेवटची अडचण तरी पुष्कळ कमी होते, कारण तिथे भाषेच्या तोऱ्याला फारसा वाव नसतो. तिथे माहिती चालते.

याचे एक उदाहरण पुस्तिकेत आहे. शहरातल्या मुलाने 'ऊसतोड मजुरांचे स्थलांतर' या विषयावर आराखडा केला: पाऊस कमी, शेती पिकत नाही, गावात काम नाही, स्थलांतर. साखळी सरळ आणि पटण्याजोगी. ज्याच्या घरचे लोक दर वर्षी तोडीला जातात अशा वर्गमित्राने खाली लिहिले: 'पाऊस चांगला झाला तरी जातेत. उचल घेतलेली असती. ती फेडायला जावंच लागतं.' या तीन वाक्यांनी आराखडा मुळापासून हलला. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल आली, एका हंगामात ती फिटली नाही तर पुढच्या हंगामाला बांधले जाणे आले, नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणून मोजण्याची रीत आली, आणि आईबाप दिवाळीच्या आसपास निघून गेल्यावर शाळेतून गळणारी मुले आली. पाऊस कारण म्हणून राहिला, पण साखळीच्या सुरुवातीला एकटा उभा नाही राहिला. आणि ज्याला एरवी निबंधात जेमतेम गुण मिळतात, तो त्या तासाला वर्गातला सर्वांत जाणकार वाचक ठरला.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. वर्गमित्राला उडी दिसते, पण माहितीतली चूक दिसेलच असे नाही. दोघांनाही एकच चुकीची गोष्ट खरी वाटत असेल तर प्रश्न उठतच नाही. सनावळ्या, आकडे, कायद्यांची नावे हे शिक्षकाने किंवा पुस्तकाने तपासायचे काम आहे. ते मुलांवर ढकलू नये. दुसरी मर्यादा गुणांची. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रगतिपुस्तकात स्वमूल्यमापन आणि सहाध्यायी मूल्यमापन यांना जागा दिली, ही चांगली गोष्ट. पण त्या जागेचा एक रकाना झाला आणि 'मित्राला दहापैकी किती?' असे सुरू झाले, तर दोन दिवसांत सगळ्यांना दहापैकी नऊ पडू लागतील आणि प्रश्न बंद होतील. तिसरी गोष्ट नवी आहे. फोनवर विषय टाकला की क्षणात नीटनेटका, मुद्देसूद आराखडा तयार मिळतो. त्याला रागावून उपयोग नाही. तसा आराखडाही वर्गात फिरू द्यावा. ज्याने तो स्वतः विचार करून केलेला नाही, त्याला 'याच्यामुळे ते कसं झालं?' याचे उत्तर देता येत नाही, आणि ते न देता येणे त्याला स्वतःलाच आधी कळते.

पुस्तिकेची मांडणी सोपी ठेवली आहे. आधी चार साचे आणि प्रत्येकाचे दोन-तीन नमुना आराखडे. मग त्याच आराखड्यांवरचे समासातले प्रश्न, चांगले आणि निरुपयोगी दोन्ही, म्हणजे फरक दिसेल. शेवटी प्रश्न पचवून दुरुस्त केलेले आराखडे. विषय मुद्दाम इतिहास, शेती, शाळा आणि बाजार अशा ठिकाणांहून घेतले आहेत, कारण मराठीच्या तासाला विचारलेले 'का' फक्त मराठीच्या तासापुरते राहू नये. 'अमुकमुळे तमुक' असे मथळे रोज वर्तमानपत्रात येतात, निवडणुकीच्या भाषणांत येतात, घरातल्या भांडणांतही येतात. त्यांतल्या बहुतेकांत मधल्या पायऱ्या गाळलेल्या असतात आणि कधी कधी त्या गाळणे कुणाच्या तरी फायद्याचे असते.

शिक्षकांना एक विनंती. पहिल्या फेरीत आराखडे गोळा करू नका, त्यांवर सही करू नका आणि मुले वाद घालत असताना खरे उत्तर सांगून टाकू नका. उत्तर सांगण्याचा मोह फार होतो, विशेषतः ते आपल्याला माहीत असते तेव्हा. पण लिहिणाऱ्याने वाचनालयात जाऊन एक धागा स्वतः शोधून आणला, तर त्याच्या निबंधातला तेवढा परिच्छेद वर्गात दुसऱ्या कुणाकडेही नसेल. सत्तर वह्यांत एकच निबंध सत्तर वेळा वाचण्याचा कंटाळा ज्याने सोसला आहे, त्याला याची किंमत वेगळी सांगायला नको.